टर्बो गेला? नवा घेण्याआधी ऑइलची नळी बघा! टर्बो गाडीत ऑइलचे कोणते पार्ट बदलावेत आणि कोणते नाहीत?

गळीत हंगामात बारामतीहून इंदापूरकडे निघालात, तर भवानीनगरजवळ गाडीचा वेग आपोआप कमी होतो. पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे ट्रक, मध्येच एखादी बैलगाडी आणि बाजूला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. या गर्दीत तुमची डिझेल कार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते.

आता एक गंमत बघा. साखर कारखान्यात ऊस गाळून उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून तयार झालेली वाफ टर्बाईनवर सोडतात आणि ती फिरते. तुमच्या बॉनेटखालचा टर्बोही टर्बाईनच आहे. फक्त तो मुठीएवढा असतो आणि वाफेऐवजी सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर फिरतो.

कारखान्याच्या टर्बाईनवर काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. टर्बाईन सुरू करण्याआधी ऑइल पंप सुरू करायचा आणि टर्बाईन थांबवली तरी ती थंड होईपर्यंत बेअरिंगला ऑइल चालू ठेवायचं. ऑइलचं प्रेशर पडलं तर टर्बाईन आपोआप ट्रिप होते. म्हणजे तिथे आधी ऑइल, मग बाकी सगळं.

कारमधल्या टर्बोला मात्र असा वेगळा पंप नसतो. इंजिन बंद केलं की ऑइल बंद. म्हणूनच "टर्बो गेलाय, नवा टाकावा लागेल" हे वाक्य गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येतं. आणि बऱ्याचदा हजारो रुपये घालून बसवलेला नवा टर्बोही काही महिन्यांत जातो, कारण बिघाड टर्बोत नसतोच, तो ऑइलच्या वाटेत असतो.

दुसरीकडे सोशल मीडियावर मोठा ऑइल पंप, ऑइल कूलर, कॅच कॅन, टर्बो टायमर अशा 'अपग्रेड'च्या रील्सचा पाऊस असतो. यातलं खरंच कामाचं काय आणि पैसे वाया घालवणारं काय, ते नीट समजून घेऊया.

टर्बो आत काम कसं करतो?

स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. कल्पना साधी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच ताकद वाया जाते. त्या धुरावर एक चाक फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक बसवायचं आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलायची. जास्त हवा आली की जास्त इंधन जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाएवढी ताकद देतं.

आता आकडे बघा. कारखान्यातली मोठी टर्बाईन मिनिटाला काही हजार फेरे घेते. कारचा टर्बो मिनिटाला एक लाखाच्या वर जातो, लहान टर्बो तर दोन लाखांच्याही पुढे. डिझेल गाडीत त्याच्या एका टोकाला येणारा धूर जोरात चालवताना ७०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो, पेट्रोल टर्बोत तर ९५० अंशांच्या आसपास.

या वेगाने फिरणारा दांडा बहुतेक टर्बोंमध्ये साध्या बुशसारख्या बेअरिंगमध्ये असतो आणि धातूला टेकत नाही. तो ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगतो. या ऑइलची कामं दोन. एक म्हणजे दांडा तरंगता ठेवणं आणि दुसरं म्हणजे आतली उष्णता उचलून बाहेर नेणं. हा थर काही सेकंद जरी तुटला तरी धातूवर धातू घासतो आणि दांडा हलायला लागतो. मग चाकाची पाती बाहेरच्या आवरणाला घासतात आणि खेळ संपतो.

आपल्या भागात हा विषय एवढा महत्त्वाचा का?

कारण जुन्या बाजारातली डिझेल कार म्हणजे जवळपास हमखास टर्बो गाडी. आणि त्यातल्या एका इंजिनाचं पुणे जिल्ह्याशी थेट नातं आहे.

फियाटचं १.३ लिटर मल्टीजेट इंजिन आपल्या जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात बनत होतं. मारुतीने हेच इंजिन परवान्यावर हरियाणात बनवलं आणि २००७ मध्ये डिझेल स्विफ्टमध्ये दिलं. पुढे डिझायर, अर्टिगा, टाटाची इंडिका व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंटो आणि लिनिया अशा कितीतरी गाड्यांमध्ये ते बसलं. वाहनविषयक पत्रकारांनी त्याला 'भारताचं राष्ट्रीय इंजिन' म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या. पण आधी विकलेल्या गाड्या दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे आजही पळतायत.

या इंजिनात ऑइल असतं साधारण तीन लिटर. एवढ्याशा ऑइलवर पिस्टन, क्रँक आणि टर्बो तर चालतोच, शिवाय टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या प्रेशरवर चालतो. म्हणजे ऑइल काळं, घट्ट किंवा कमी झालं की टर्बो आणि चेन दोन्ही धोक्यात. आणि चेन उडाली तर खर्च फक्त टर्बोवर थांबत नाही, इंजिनही उघडावं लागतं.

टर्बो खरं तर कशाने जातो?

बहुतेक वेळा कारण या चारपैकी एक असतं.

१. ऑइल वेळेवर पोहोचत नाही. टर्बोला ऑइल नेणारी नळी बारीक असते. तिच्या आत जळक्या ऑइलचा कोळसा साचत जातो. काही गाड्यांत या नळीच्या बँजो बोल्टमध्ये बारीक जाळी असते, ती चोंदते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत टर्बो तहानलेला असतो.

२. ऑइलमध्ये घाण असते. फिल्टर वेळेवर बदलला नाही, एअर फिल्टरच्या खोक्यातून धूळ आत गेली, किंवा मागचा टर्बो फुटला तेव्हाचा चुरा चेंबरमध्ये तसाच राहिला.

३. गाडी तापलेली असताना झटकन बंद केली जाते. ऑइल जागेवर थांबतं, धुराच्या बाजूची उष्णता आत येते आणि बेअरिंगजवळचं ऑइल जळून कोळसा होतो. असं शंभर वेळा झालं की पहिला मुद्दा आपोआप घडतो.

४. ऑइल परत जात नाही. हा मुद्दा सर्वात जास्त दुर्लक्षित आहे. टर्बोत ऑइल प्रेशरने जातं, पण परत चेंबरमध्ये येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. टर्बोमधली सील रबरी नसते, तर पिस्टन रिंगसारखी धातूची रिंग असते. परतीची नळी दबली, वाकली किंवा चोंदली, चेंबरमध्ये ऑइल जास्त भरलं, किंवा इंजिनाचा ब्रीदर बंद झाला, की ऑइल टर्बोत तुंबतं आणि त्या रिंगमधून बाहेर येतं. मग सायलेन्सरमधून निळा धूर. निदान होतं "टर्बो गेला", आणि टर्बो मात्र ठणठणीत असू शकतो.

मग अपग्रेड करायचं तर क्रम काय?

स्वस्तापासून महागाकडे आणि सर्वांसाठीच्या गोष्टींपासून मोजक्या लोकांसाठीच्या गोष्टींकडे जाऊया.

*योग्य ऑइल आणि चांगला फिल्टर (सर्वांसाठी).* डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा त्यावरचा कोड बघा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० किंवा तसा ग्रेड आणि सोबत एपीआय किंवा एसीईएचा कोड दिलेला असतो. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ असेल तर कमी राखेचं, म्हणजे एसीईए 'सी' गटातलं ऑइल लागतं. दुसरं कुठलंही टाकलं तर टर्बो वाचेल, पण डीपीएफ चोंदेल. नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांसाठी २०२० मध्ये आलेला एपीआय एसपी हा दर्जा महत्त्वाचा आहे, कारण कमी वेगात जोर लावताना इंधन अवेळी पेटून होणारं नुकसान टाळण्याची चाचणी त्यात आहे. "आपल्याकडे ऊन जास्त, घट्ट ऑइल टाका" हा सल्ला डोळे झाकून ऐकू नका. घट्ट ऑइल सकाळी थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं. आणि डुप्लिकेट ऑइलपासून सावध राहा. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा.

*ऑइल नेणारी नळी आणि बँजो बोल्ट (जुन्या गाडीसाठी).* लाखभर किलोमीटर झालेली गाडी घेतली असेल, तर हा सर्वात मोलाचा बदल. नळी नुसती साफ करण्यापेक्षा नवी टाकणं बरं, कारण आतला कोळसा पूर्ण निघत नाही आणि सुटलेला तुकडा थेट बेअरिंगमध्ये जातो. स्टीलच्या जाळीची नळी घेणार असाल तर आतला थर टेफ्लॉनचा आहे ना, ते विचारा. साधं रबर उष्णतेने आतून सुटतं.

*परतीची नळी.* ती रुंद हवी, साधारण अर्धा इंच किंवा जास्त. टर्बोतून खाली सरळ उतरणारी हवी, मध्ये झोळ नको, आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. पॅकिंगच्या जागी सिलिकॉन लावू नका. पिळून आत आलेला सिलिकॉनचा तुकडा ऑइलची वाट अडवतो.

*ऑइल प्रेशर आणि तापमानाचे मीटर.* डॅशबोर्डवरचा लाल कॅनचा दिवा प्रेशर अगदीच पडल्यावर लागतो, तोवर टर्बोचं नुकसान झालेलं असू शकतं. मीटर मात्र आधीच सांगतो. गॅरेजमधला ठोकताळा असा की तापलेल्या इंजिनात दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय प्रेशर असावं. कंपनीचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. कुठलाही महागडा पार्ट घेण्याआधी हे दोन आकडे हातात हवेत, कारण पुढचे निर्णय त्यांच्यावरच अवलंबून आहेत.

*ऑइल कूलर (फक्त गरज असेल तर).* बऱ्याच टर्बो गाड्यांत कंपनीनेच कूलंटवर चालणारा लहान कूलर दिलेला असतो. ऑइल ९० ते ११० अंशांत राहत असेल तर वेगळा कूलर नको. रिमॅप केलेली गाडी, घाटात सतत जोर, ट्रॅकवर पळवणं, आणि तापमान १३० अंशांच्या वर जातंय, अशा वेळी कूलर बसवा. पण थर्मोस्टॅट असलेला. थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबरच्या सकाळी ऑइल तापतच नाही आणि त्यातलं पाणी व इंधन उडून जात नाही. संरक्षणासाठी लावलेला पार्टच ऑइल खराब करतो.

*मोठा ऑइल पंप.* रोजच्या गाडीला जवळपास कधीच लागत नाही. टर्बोला गरजेपेक्षा जास्त प्रेशर दिलं तर ऑइल सीलमधून बाहेर येतं. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तर ऑइल इतकं कमी लागतं, की नळीत साधारण १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर बसवावा लागतो. तोच रिस्ट्रिक्टर साध्या बेअरिंगच्या टर्बोला लावला तर टर्बो उपाशी मरतो. म्हणून "मित्राने लावलाय" हे कारण पुरेसं नाही. प्रेशर कमी दिसत असेल तर आधी ऑइल, सक्शनची जाळी आणि बेअरिंग तपासा.

*चेंबरमधले आडवे पत्रे.* जोरात वळणावर ऑइल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढू नये म्हणून हे असतात. ट्रॅकवर उपयोग, भवानीनगर ते बारामती प्रवासात नाही.

*कॅच कॅन.* इंजिनाच्या श्वासातली ऑइलची वाफ गोळा करतो. इनटेक स्वच्छ राहतो हे खरं, पण तो वेळोवेळी रिकामा करावा लागतो. भरलेला कॅन म्हणजे बंद ब्रीदर, आणि बंद ब्रीदर म्हणजे वरचा चौथा मुद्दा.

*टर्बो टायमर.* चावी काढल्यावरही इंजिन मिनिटभर चालू ठेवतो. तेच काम तुम्ही सीटवर बसून फुकटात करू शकता. शिवाय अनेक नव्या गाड्यांत टर्बोला कूलंटही असतं आणि इंजिन बंद झाल्यावर ते फिरवायची सोय असते.

आणि गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीही करण्याआधी शोरूमला विचारा. बाहेरून बसवलेल्या पार्टवरून क्लेम नाकारला जाऊ शकतो.

सुपरचार्जरचं काय?

सुपरचार्जर धुरावर फिरत नाही. इंजिनाचा पट्टा त्याला फिरवतो, त्यामुळे टर्बोसारखी भट्टी त्याच्या शेजारी नसते. बहुतेक रूट्स आणि ट्विन-स्क्रू प्रकारच्या सुपरचार्जरमध्ये गिअरसाठी स्वतःचं वेगळं, बंद ऑइल असतं. काही सेंट्रिफ्यूगल प्रकार मात्र इंजिन ऑइलवर चालतात, तिथे नेणाऱ्या आणि परतीच्या नळीचे वरचे नियम लागू होतात. आपल्याकडे सुपरचार्जर दिसतो तो मुख्यतः जुन्या महागड्या जर्मन गाड्यांत आणि जग्वार-लँड रोव्हरच्या काही इंजिनांत. अशी सेकंडहँड गाडी घेताना सुपरचार्जरचं ऑइल शेवटचं कधी बदललं, हे जरूर विचारा. बहुतेकांना ते वेगळं असतं हेच माहीत नसतं.

किलोमीटर मोजू नका, तास मोजा

ट्रॅक्टरवाल्याला विचारा, ऑइल कधी बदलतोस? तो किलोमीटर सांगणार नाही, तास सांगेल. २५० तास हा बऱ्याच ट्रॅक्टरमधला ओळखीचा आकडा. कारवाला मात्र १०,००० किलोमीटर म्हणतो.

आता हिशोब करा. ताशी सरासरी ५० किलोमीटरने १०,००० किलोमीटर म्हणजे २०० तास. तीच गाडी उसाच्या रांगेत, बाजारात, एसी लावून उभी राहत ताशी २० च्या सरासरीने चालली, तर ५०० तास! ट्रॅक्टरवाल्याने तेवढ्यात दोनदा ऑइल बदललं असतं. म्हणून धूळ, गर्दी आणि छोट्या फेऱ्या जास्त असतील तर ऑइल लवकर बदला. कंपनीच्या पुस्तकातही 'खडतर वापर' म्हणून कमी अंतराचा तक्ता बहुतेक वेळा दिलेला असतो.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी आणखी एक बघायचं. डीपीएफ साफ करण्यासाठी गाडी जादा डिझेल सोडते. छोट्या फेऱ्यांत हे काम अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या पट्टीवरची पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर "ऑइल भरपूर आहे" म्हणून खूश होऊ नका. ते पातळ झालंय, बदला.

मेस्त्री "टर्बो गेला" म्हणाले तर काय विचाराल?

- ऑइलची पातळी जास्त तर नाही? ब्रीदर मोकळा आहे का?
- परतीची नळी काढून बघितली का?
- दांडा हाताने हलवून बघितला का? पाती घासल्याच्या खुणा आहेत का?
- एअर पाईप कुठे फाटलाय का? ताकद कमी होण्याचं कारण तेही असतं.
- ऑइलचं प्रेशर मीटर लावून मोजलं का?

या सगळ्यातून जाऊनही टर्बो बदलावाच लागला, तर ऑइल, फिल्टर, नेणारी नळी आणि पॅकिंग नवी टाका, आणि जुना टर्बो फुटला असेल तर चेंबर उघडून साफ करा. नवा टर्बो बसवताना आत थोडं ऑइल हाताने भरायचं. मग गाडी चालू न होता फक्त स्टार्टर फिरेल असं करून प्रेशर येऊ द्यायचं आणि सुरू झाल्यावर काही मिनिटं रेस न देता चालवायची. कारखान्यातला माणूस टर्बाईन सुरू करताना जे करतो, तेच.

आणि शेवटची फुकटची गोष्ट

सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि पहिले काही किलोमीटर जोर लावू नका. पुणे-सोलापूर महामार्गावरून येताना भिगवणला मासे खायला वळलात, तर हॉटेलच्या दारात लगेच चावी फिरवू नका, मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्या. महामार्ग सोडून भवानीनगरपर्यंत गावच्या रस्त्याने सावकाश आलात तर त्याचीही गरज नाही, टर्बो वाटेतच थंड झालेला असतो.

कारखान्याची टर्बाईन थांबल्यावरही तिच्या बेअरिंगला ऑइल मिळत राहतं, कारण तिथे त्यासाठी पंप आहे आणि माणूस नेमलेला आहे. तुमच्या गाडीत ते काम करणारा माणूस म्हणजे तुम्हीच.